पालथ्या हाताचे बबनशेठ

बबनशेठ कुठल्याही गरम वस्तूला तळहात लावत नसत, पालथा हात लावत. चहाचा कप असो, गाडीचं बॉनेट असो की नातवाचं तापलेलं कपाळ असो, बोटं आत दुमडायची, हाताची पाठ हळूच टेकवायची आणि मान एका बाजूला कलती करून क्षणभर थांबायचं. कुणी विचारलं तर सांगत, "तळवा भाजला की हात गेला कामातनं. पाठ भाजली तर नुसती दिसाय वंगाळ." त्यांच्या दोन्ही हातांच्या पाठी जुन्या डागांनी भरलेल्या होत्या, आणि त्यावर ते सोन्याचं घड्याळ घालत.

माणूस पिंपळे गुरवच्या जुन्या शेतकरी घरातला. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्यावर भावकीतल्या बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, मंगल कार्यालयं काढली. ह्यांनी चाकणजवळ महाळुंग्याला हीट ट्रीटमेंटचा कारखाना टाकला. म्हणजे गाड्यांचे गिअर नि पिना भट्टीत लाल होईपर्यंत तापवायच्या आणि तेलात बुडवायच्या, की पोलाद टणक होतं. भट्टीसमोर उभं राहायचं तरी कपडे पांढरेशुभ्र. शर्टाच्या कॉलरमध्ये घडी घातलेला रुमाल. दारावर "सेफ्टी शूज घाला" अशी पाटी त्यांनीच लावलेली आणि पायात कोल्हापुरी.

मी चिंचवडच्या एका सल्लागार कंपनीत होते. कारखानदारांचे कर्जाचे प्रस्ताव तयार करायचे नि बँकेच्या गळी उतरवायचे, हा आमचा धंदा. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी आधी माझीच चौकशी केली.

"गाव कंचं?"

मी म्हटलं, लातूरकडचं.

"आन् हितं ऱ्हाता कुठं?"

पिंपळे सौदागरला, भाड्यानं. मी सोसायटीचं नाव सांगितलं. त्यांनी डोळे मिटून अंदाज घेतला आणि म्हणाले, "म्हंजी आमच्या मामाच्या उसात ऱ्हाता तुमी. कितव्या मजल्यावर?"

"नवव्या."

"बरं हाय. खाली लई डास व्हते."

मग मला भट्टी दाखवायला नेलं. भट्ट्या सगळ्या गॅसवर चालणाऱ्या. गॅस पाइपातून यायचा, पण तो मुळात जहाजातून कुठल्या कुठून आलेला. तिकडं दोन देशांचं वाजलं की इकडं महाळुंग्यात दर चढायचा आणि भट्टी पेटवावी की नाही हा हिशेब सुरू व्हायचा. बबनशेठ म्हणत, "शेजारणीच्या चुलीवर आपलं जेवान. तिचं नवऱ्याशी भांडान झालं की आपुन उपाशी." एकट्या त्यांचीच ही गत नव्हती. त्या पट्ट्यातले सगळेच भट्टीवाले गॅसवर जगत होते, आणि सगळेच रोज एकमेकांना फोन करून एकच गोष्ट विचारत, "आज पेटवली का?"

ह्यावर तोड बबनशेठना सापडली ती पुतण्यासाठी मुलगी बघायला मंगळवेढ्याकडे गेले असताना. मुलगी पसंत पडली नाही, पण तिच्या गावाबाहेरचा माळ पसंत पडला. दगडगोट्यांचा, झाड नाही झुडूप नाही, आणि वर ऊन असं की पालथा हातसुद्धा ठेवता येईना. परत येताना गाडीतच त्यांनी ठरवलं, की सात-आठ भट्टीवाल्यांनी मिळून त्या माळावर सौर वीज प्रकल्प उभारायचा, वीज सरकारी तारांवरून इथे आणायची आणि भट्ट्या विजेवर करायच्या. सोयरीक राहिलीच. पुतण्याची आई पुढं बरेच दिवस म्हणायची, "दीर पोरगी बघाया गेलं आन् ऊन बघून आलं."

प्रकल्प मोठा, म्हणजे कर्ज मोठं. आणि त्यातली मेख अशी, की अशा प्रकल्पात वीज वापरणाऱ्या प्रत्येक कारखान्याला आधी भागीदार व्हावं लागतं, आणि आपल्या वाट्याची वीज वापरावीही लागते. एकानं वापरली नाही तर सवलत त्या एकाचीच जात नाही, सगळ्या गटाची धोक्यात येते. त्यामुळे बँकेचा सगळा जीव त्यातच अडकलेला. सूर्य वीस वर्षं उगवेल ह्याबद्दल बँकेला काही शंका नव्हती. हे लोक वीस वर्षं भट्ट्या पेटवतील का, एवढंच तिला कळायला हवं होतं.

बबनशेठना हा प्रकार आमच्या साहेबांपेक्षा लवकर कळला, कारण त्यांनी तो लग्नाच्या हिशेबात बसवून घेतला. बँक हा वरपक्ष. आपण मुलीकडचे. मी मध्यस्थ. आमच्या ऑफिसात ज्याला मीटिंग म्हणत त्याला ते बैठक म्हणत. भागीदार गोळा करायला त्यांनी फोन केला नाही की मेसेज टाकला नाही. भावकीत लग्नाचं आमंत्रण जसं देतात तसं, वडीलधाऱ्यापासून सुरुवात करून, ते प्रत्येकाच्या घरी गेले. खिशातल्या कागदाच्या पुडीतून अक्षता काढायच्या, समोरच्याच्या हातावर ठेवायच्या आणि म्हणायचं, "आपल्या घरचं कार्य हाय. यायचं." पहिल्या अक्षता शेवाळेमामांना. मामा पंचाहत्तरी उलटलेले, पट्ट्यातले सर्वांत जुने भट्टीवाले, नवीन म्हटलं की आधी नाही म्हणणारे. त्यांनी अक्षता मुठीत घेतल्या आणि विचारलं, "बबन, कुणाच्या शब्दावर?"

"माझ्या."

"मग झालं," मामा म्हणाले. बाकीच्यांनी मामांनी घेतल्या म्हणून घेतल्या.

बँकेनं कर्जाच्या अटी कळवल्या तेव्हा बबनशेठनी सही करायचं नाकारलं. आमचे साहेब घाबरले. बबनशेठनी मला गाडी पाठवून बोलावून घेतलं आणि कळलं ते असं, की अटी म्हणजे लग्नातल्या देण्याघेण्याची याद, आणि याद चारचौघांत वाचून दाखवल्याशिवाय सुपारी फुटत नाही. त्यांच्या घरी सतरंज्या अंथरल्या होत्या. सगळे भागीदार मांडी घालून बसलेले, आतल्या दारात बायका. मी एकेक कलम मराठीत सांगायचं, आणि सगळ्यांनी "कबूल" म्हटल्यावर पुढं जायचं. कर्ज सगळ्यांनी मिळून आणि प्रत्येकानं वेगवेगळंही फेडायचं, हे कलम आलं तेव्हा मी दोनदा समजावून सांगितलं, की एखाद्यानं नाही दिलं तर त्याचं ओझं उरलेल्यांवर येईल. शेवटी बबनशेठच म्हणाले, "म्हंजी भावकीच की! त्यात काय नवीन?" सगळे हसले, बायकाही हसल्या, आणि ते कलम कबूल झालं. आमच्या साहेबांनी आयुष्यभर वकिलांशी घासाघीस केली असेल त्या कलमावर.

गटात एक नाव आमच्या साहेबांना पहिल्यापासून खटकत होतं. ते ज्ञानोबांचं. ज्ञानोबा हे बबनशेठचे धाकटे चुलतभाऊ. वडील लवकर गेल्यावर बबनशेठ चुलत्यांच्या घरी वाढले, दोघं एका ताटात जेवलेले. कारखानेही भिंतीला भिंत लावून. ज्ञानोबांचा जरा लहान, एकाच भट्टीचा, आणि सगळं काम स्कूटरच्या गिअरचं, एकाच कंपनीचं. साहेब म्हणाले, "शेठ, हे युनिट बाहेर ठेवू. एका गिऱ्हाइकावर चालणारा माणूस बँकेला आवडत नाही."

बबनशेठचा आवाज मी चढलेला ऐकला तो तेवढ्या एकदाच. "पंगत मांडायची आन् घरचाच उठवायचा? त्यो न्हाई तर मी न्हाई."

ज्ञानोबा राहिले. फार कमी बोलणारा माणूस. बैठकीला यायचे, दाराजवळ बसायचे, दादा कबूल म्हणाले की कबूल म्हणायचे.

पुढचं सगळं मला नंतर कळलं, पण आत्ताच सांगते, नाहीतर बँकेचा माणूस आला त्या दिवशी काय झालं ते कळायचं नाही.

बाजारात विजेवरच्या स्कूटर आल्या आणि त्यांना गिअर लागेनात. ज्ञानोबांच्या गिऱ्हाइकानं आधी ऑर्डर अर्धी केली, मग बंद केली. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांची भट्टी विझली ती विझलीच. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी शटर वर करायचे, मोठा पंखा लावायचे, रेडिओ लावायचे आणि आत बसून राहायचे, म्हणजे भिंतीपलीकडे दादाला कारखाना चालल्याचा आवाज जावा. कामगार त्यांनी दुसरीकडे लावून दिले होते. आणि दादाही आवाज ऐकून समाधानी होते. जगातल्या प्रत्येक गरम वस्तूला हात लावून खात्री करणारा हा माणूस, पण सगळ्या पावसाळ्यात एकदाही भिंतीपलीकडे जाऊन भावाच्या भट्टीला हात लावून बघितला नाही. मी हे त्यांना एकदा विचारलंही होतं. म्हणाले, "भावाच्या घरात जाऊन चूल पेटली का बघत न्हाईत मॅडम. बघितलं म्हंजी पेटली न्हाई आसं म्हटल्यावानी हुतं." आता बँकेच्या अटीत हे कुठं बसवायचं? पण त्या लोकांत ते तसंच आहे, आणि चूक झाली ती नेमकी तिथंच.

कर्ज मंजूर होण्याआधी बँकेचा माणूस सगळे कारखाने चालू स्थितीत बघायला येणार होता. आदल्या दिवशी बबनशेठ ज्ञानोबांना "जरा झाडून-पुसून ठिव" असं सांगायला गेले. आत पंखा फिरत होता, रेडिओ चालू होता, आणि भट्टी गार. त्यांनी पालथा हात लावला. मग दुसऱ्या हाताचा तळवा लावला. ज्ञानोबा म्हणाले, "दादा, उद्याचा दिस निभावून न्या. चार लोकांत माझी शोभा करू नगा." एवढंच. बबनशेठनी आपल्या कारखान्यातले गिअर उचलून भावाच्या कारखान्यात आणले, आपले कामगार आणले आणि स्वतः उभं राहून भट्टी पेटवली.

पण भट्टीचं एक असतं. तिच्या आत विटांचं अस्तर असतं, आणि भट्टी पावसाळाभर बंद राहिली की त्या विटा हवेतलं पाणी पिऊन बसतात. पुन्हा पेटवली की ते पाणी बाहेर पडतं, पत्र्याच्या सांध्यातून थेंब थेंब झिरपत राहतं. भट्टीवाले म्हणतात, भट्टी घाम सोडते. ती हळूहळू, दोन-तीन दिवस घेऊन सुकवावी लागते. बबनशेठ नव्या कामगाराला पहिल्या दिवशी हेच सांगायचे, "माणूस खोटं बोलंल, मीटर खोटं बोलंल. बंद पडल्याली भट्टी घाम सोडल्याबिगार ऱ्हायची न्हाई."

बँकेचा माणूस आला. तरुण, दिल्लीकडचा, अगदी सभ्य. सगळे भागीदार त्याच्याबरोबर कारखान्या-कारखान्यांतून फिरत होते, वरातीत फिरावं तसे. मीही होते. बबनशेठचा कारखाना झाला आणि आम्ही ज्ञानोबांच्या शटरातून आत शिरलो. भट्टी पेटलेली होती, गिअर भरलेली लोखंडी जाळी आत जात होती, कामगार धावपळ करत होते. आणि भट्टीच्या पायाशी जमिनीवर पाणी साचलेलं होतं. पत्र्यावरून ओघळ येत होते.

त्या माणसाच्या बुटाला पाणी लागलं. त्यानं खाली बघून विचारलं, "ये पानी कैसा है?"

त्याला कळलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. सहज विचारलं होतं. पण बाकी सगळे भट्टीवाले होते. त्यांना आत पाऊल टाकताच कळलं होतं. मला तेव्हा काही कळलं नाही, पण सगळ्यांचे चेहरे दिसले. एक जण भिंतीवरची सुरक्षेची पाटी मन लावून वाचायला लागला. दुसऱ्यानं खिशातला फोन काढला आणि न वाजलेला फोन कानाला लावून बाहेर गेला. शेवाळेमामा काठीवर दोन्ही हात ठेवून बबनशेठकडे बघत होते. ज्ञानोबा जमिनीकडे.

"लाइन लीक है साहब," बबनशेठ म्हणाले. "कूलिंग की लाइन. कल बदलेंगे."

"अच्छा," तो म्हणाला, काहीतरी टिपून घेतलं आणि पुढं निघाला.

म्हणजे निभावलं होतं. एवढंच करायचं होतं आणि ते झालंही होतं.

दुपारी नाशिक रस्त्यावरच्या हॉटेलात जेवण ठेवलं होतं. पाहुणा शाकाहारी म्हणून सगळ्यांनी शाकाहारी घेतलं, आणि एरवी त्यावरून जी थट्टा झाली असती ती कुणी केली नाही. पाहुणा खुशीत होता. म्हणाला, मी बऱ्याच ठिकाणी जातो, पण एकमेकांना इतकं धरून असलेले लोक कमी बघितले, मी तसं कळवीन. बबनशेठनी भाकरीचा तुकडा मोडला होता, तो हातातच होता. शेजारी शेवाळेमामा बसलेले. ते हळूच म्हणाले, "बबन, जेव."

आमच्याकडे मयताच्या घरी दहाव्याला असं सांगतात. त्याच आवाजात मामा बोलले. त्यात राग नव्हता, आणि मला वाटतं तेच बबनशेठना सोसलं नाही.

बबनशेठनी तुकडा ताटात ठेवला. "साहब," ते म्हणाले, "वो पानी लाइन का नहीं था. भट्टी का था. वो भट्टी बंद थी, बहोत दिन से. कल मैंने जलाई. काम भी मेरा था, आदमी भी मेरे थे. मैं झूठ बोला."

पाहुण्यानं घास खाली ठेवला. वाढपी पापड घेऊन आला होता, तो तसाच उभा राहिला.

समोर ज्ञानोबा होते. त्यांच्या ताटात सगळं वाढलेलं होतं, नुकतीच आमटी कालवलेली. त्यांनी दादाकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. उठले, हात धुतले, आणि निघून गेले. भरल्या ताटावरून. बबनशेठ त्या ताटाकडे बघत राहिले. "पंगत मांडायची आन् घरचाच उठवायचा?" असं ज्यांनी विचारलं होतं, त्यांनीच तो उठवला होता, आणि तोही खरं बोलून. मला इतकी लाज वाटली की मीही जेवू शकले नाही. मी कुणाला फसवलं नव्हतं, कुणाला उघडं पाडलं नव्हतं. पण माणूस असा सगळ्यांदेखत सोलला जाताना बघणाऱ्यालाही लाज वाटते, आणि ती पुसता येत नाही.

बँकेनं प्रस्ताव बाजूला ठेवला. काही महिन्यांनी आमच्या साहेबांना तोंडी निरोप आला, की गट चांगला आहे, पण बंद युनिट काढा, आणि ज्यांनी भेटीच्या वेळी खोटं सांगितलं ते गटात नकोत. बबनशेठनी नंतर स्वतःच कबूल केलं होतं, हे साहेबांनी परोपरीनं सांगून पाहिलं. बँकेच्या चौकटीत खोट्याला रकाना होता, कबुलीला नव्हता.

भागीदार भांडायला तयार होते. "बबनशेठशिवाय कसला प्रकल्प?" असं सगळे म्हणाले. पण बबनशेठ मला घेऊन पुन्हा घरोघर निघाले. त्याच क्रमानं, पहिलं घर शेवाळेमामांचं. ह्या वेळी खिशात अक्षता नव्हत्या. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. आतून पाणी आलं तर घ्यायचं नाही, चहा आला तर हात जोडायचे. उभ्या उभ्याच सांगायचं, "माझ्या शब्दावर आला व्हता. त्यो शब्द ऱ्हायला न्हाई. आता बँकेच्या शब्दावर जावा. वऱ्हाड माझ्यापायी थांबवू नगा." प्रत्येक दारात तेच, तसंच. एका घरी मालकाची आई बाहेर आली, दृष्टी अधू झालेली. तिनं विचारलं, "बबन का? आत ये की रं, उभा का?" ह्यांनी उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले. मी म्हटलं, आजी, घाईत आहोत. मी दुसरीकडे बघत होते, कारण त्यांच्याकडे मला बघवत नव्हतं.

परतताना एका सिग्नलला त्यांनी गाडी थांबवली. मग म्हणाले, "मॅडम, तुमी शिकल्याल्या हाय. एक सांगा. खोटं बोललो त्याची लाज वाटती का खरं बोललो त्याची, तेच मला कळंना झालंय." मी म्हटलं, दोन्हीची वाटत असेल. ते म्हणाले, "व्हय. दोनीकडनं भाजलोय." आणि स्टिअरिंगवरचे स्वतःचे हात बघत राहिले. सिग्नल हिरवा झाला होता. मागचे लोक हॉर्न वाजवत होते.

प्रकल्प उभा राहिला. त्याच माळावर, त्याच यादीवर, थोडी कलमं इकडंतिकडं करून. शेवाळेमामांच्या कारखान्यात विजेची भट्टी आली आणि मामा तिला "मुकी सून" म्हणायला लागले, कारण गॅसच्या भट्टीसारखी ती फुरफुरत नाही. सगळ्यांच्या भट्ट्या मंगळवेढ्याच्या उन्हावर चालायला लागल्या. गॅसवर राहिले ते दोनच, भिंतीला भिंत लावून बसलेले भाऊ.

माळावर पूजा होती तेव्हा भागीदारांनी बस केली होती. बबनशेठना आमंत्रण द्यायला मामा स्वतः गेले होते, काठी टेकत, पुडीत अक्षता घेऊन. बबनशेठनी त्या डोक्याला लावून घेतल्या आणि हो-नाही काही म्हणाले नाहीत. बसमधली पहिली सीट त्यांच्यासाठी ठेवली होती. बस महाळुंग्यात थांबली आणि मामा मला म्हणाले, "तू जा पोरी. तू मध्यस्थ. मानाचं बोलावणं मध्यस्थानंच करायचं."

त्यांच्या कारखान्यात ते नव्हते. कामगारानं पलीकडं बोट केलं, ज्ञानोबांच्या शटरकडं. तो म्हणाला, रोज सकाळी इथं आल्यावर ते आधी तिकडंच जातात. आपलं निम्मं काम तिकडं देतात आणि ती भट्टी स्वतः पेटवतात. एक दिवस गार पडू देत नाहीत. "पण बोलत नाहीत हां दोघं," तो म्हणाला. "तेव्हापासून नाही."

मी आत गेले. पांढरा शर्ट, कॉलरला रुमाल. बबनशेठ भट्टीच्या पत्र्याला हाताची पाठ टेकवून, मान कलती करून उभे होते. मग खाली वाकून त्यांनी सांध्याखाली, जमिनीवर हात फिरवला. कोरडी होती. ज्ञानोबा टेबलाशी बसले होते, चार हातांवर. टेबलावर दोन कप, त्यातला एक बशीनं झाकलेला.

मी म्हटलं, "शेठ, बस थांबलीय. मामांनी बोलावलंय."

"मामांला म्हणावं, माझा नमस्कार सांगा माळाला," ते पाठमोरेच म्हणाले.

मी पुन्हा काही बोलणार होते, तेवढ्यात ज्ञानोबांनी मला हाक मारली. "मॅडम." त्यांनी कपावरची बशी काढली. "दादाला सांगा, च्या निवतोय."

दादा चार हातांवर होते, त्यांनी ऐकलं होतंच. तरी मला सांगितलं होतं, म्हणून मी सांगितलं, "शेठ, चहा निवतोय म्हणतायत."

बबनशेठनी हात पत्र्यावरून काढला नाही. आता त्यांना चटका बसत असणार. "त्येला सांगा," ते म्हणाले, "ज्याला जेवत्या ताटावरनं उठवला, त्याच्या घरचा च्या कुठल्या तोंडानं पिऊ?"

हे मी सांगितलं नाही. सांगण्याची गरजही नव्हती. बाहेर बसचा हॉर्न वाजला, मी वळले, आणि शटरखालून बाहेर पडताना पाहिलं, तर ज्ञानोबांनी कपावर पुन्हा बशी झाकली होती.